साखळ्या सुटल्यानंतर

तोनी रोबेर-फ्लरी या फ्रेंच चित्रकारानें १८७६ सालीं काढलेलें एक चित्र वैद्यकाच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. पॅरिसच्या साल्पेत्रिएर इस्पितळाच्या अंगणांत डॉक्टर पिनेल उभा आहे आणि एका वेड्या स्त्रीचीं बंधनें सोडलीं जात आहेत. सोडणारे हात मात्र डॉक्टरचे नव्हेत. तें काम एक सेवक करीत आहे. चित्रकाराच्या कुंचल्यांतून कदाचित् नकळतच एक सत्य उतरून गेलें आहे.

बिसेत्र येथील वेड्यांच्या साखळ्या पिनेलनें तोडल्या अशी आख्यायिका आहे. वस्तुतः पिनेल १७९५ सालीं तेथून साल्पेत्रिएरला गेला. साखळ्या निघाल्या १७९७ सालीं, आणि त्या काढल्या झां-बाप्तिस्त प्यूसँ या अधीक्षकानें. हा गृहस्थ मूळचा चामडें कमावणारा. गंडमाळेचा रोगी म्हणून इस्पितळांत आला आणि पुढें तेथेंच चाकरीस राहिला.

साखळी क्रूर खरी. पण ती सेवकाची ढालही होती, हें आपण सहसा ध्यानांत घेत नाहीं. बांधलेला रोगी शिव्या देईल, थुंकेल. गळा धरणार नाहीं. प्यूसँनें ती ढाल काढून घेतली आणि वर नियम घातला कीं, रोग्यानें चिडविलें तरी सेवकानें त्यास मारतां कामा नये! मग सेवकानें करावें काय? पिनेलनें आपल्या १८०१ च्या ग्रंथांत त्याची रीत सांगितली आहे. खवळलेल्या रोग्यासमोर एकानें न डगमगतां, ठाम स्वरांत बोलत पुढें व्हावयाचें, त्याची नजर स्वतःवर खिळवून ठेवावयाची. तेवढ्यांत इतरांनीं बाजूंनीं येऊन त्यास धरावयाचें. बरे होत आलेले रोगीही सेवक म्हणून घेतले जात. ज्यानें स्वतः मार खाल्ला त्याचा हात दुसऱ्यावर सहसा उठत नाहीं, असा हिशेब असावा. बंधन अजीबात गेलें असें मात्र नव्हे. साखळीच्या जागीं कापडी बंडी आली.

इंग्लंडांत तीही गेली. लिंकन येथें रॉबर्ट गार्डिनर हिल यानें १८३८ पर्यंत बंधनें बंद केलीं. पुढच्याच वर्षीं जॉन कॉनोली यानें हॅनवेलच्या सुमारें ८०० रोग्यांचीं सोडविलीं. बंधनाऐवजीं काय, याचें हिलचें उत्तर सरळ होतें: उंच, धट्टेकट्टे सेवक आणि रात्रंदिवस पहारा. म्हणजे लोखंडाचें काम मनुष्याच्या अंगावर आलें. कीर्ति डॉक्टरांस मिळाली. या सेवकांसाठीं ब्रिटनमध्यें शिक्षणाचें पहिलें सर्वमान्य पुस्तक निघावयास १८८५ साल उजाडलें.

आमच्या महाराष्ट्रानें २०१० सालीं कायदा करून रुग्णसेवकांवर हात टाकणारास तीन वर्षांपर्यंत कैद ठेविली. संतापलेल्या नातेवाइकांपुरता तो ठीक आहे. परंतु वातांत बरळणारा ज्वरग्रस्त किंवा भान हरपलेला मनोरुग्ण यांस कोणताही शहाणा कायदा गुन्हेगार मानीत नाहीं, मानूंही नये. झोपेचीं औषधें आज आहेत. पण तीं टोंचण्यासाठींही जवळ जावेंच लागतें. रात्रपाळीच्या परिचारिकेपाशीं त्या क्षणीं प्यूसँचींच साधनें असतात: ठाम स्वर, स्थिर नजर, आणि बाजूंनीं येणारे सोबती. पहिलीं दोन तिचीं स्वतःचीं. तिसरें इस्पितळानें पुरवावयाचें असतें, आणि साठ खाटांच्या दालनांत ती एकटीच असली तर बाजूंनीं येणार कोण?