मद्यालयातील कराओके आणि सूत्रसंचालकाचे स्थान : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानने जगाला करमणुकीची जी साधने दिली, त्यांत कराओकेचे स्थान अग्रभागी आहे. ‘कारा’ म्हणजे रिकामा आणि ‘ओके’ हे ऑर्केस्ट्रा या शब्दाच्या जपानी उच्चाराचे संक्षिप्त रूप. म्हणजेच वादकांवाचूनचा वाद्यवृंद. या साधनाचा इतिहास सामान्यतः यंत्राचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पहिले यंत्र कोणी बनविले, स्वामित्वहक्क कोणी घेतला आणि कोणी घेतला नाही, ध्वनिफितीची जागा चकतीने केव्हा घेतली, हे प्रश्न त्यात प्रमुख ठरतात. वस्तुतः बारमधील कराओके केवळ यंत्रावर चालत नाही. गिऱ्हाईक आपणहून क्वचितच उठते. त्याला उठविणारा, त्याचा क्रम लावणारा आणि गाणे फसल्यास त्याची लाज राखणारा कोणीतरी तेथे असावा लागतो. मराठीत आपण ज्याला सूत्रसंचालक म्हणतो, त्या व्यक्तीकडे या विषयाच्या अभ्यासात पुरेसे लक्ष गेलेले नाही. यंत्राने साथीदाराचे वाजविणे घेतले, परंतु त्याचे ‘सांभाळून घेणे’ यंत्राला घेता आले नाही. ते काम बारमधील दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर पडले, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

पूर्वपीठिका : फिरते वादक आणि गाण्याची कॉफीगृहे

कराओकेपूर्व जपानी मद्यालयात गिऱ्हाईक गात नव्हते असे नाही. गिटार अथवा अ‍ॅकॉर्डियन घेऊन एका बारमधून दुसऱ्या बारमध्ये फिरणारे वादक तेथे असत. त्यांना ‘नागाशी’ म्हणत. गिऱ्हाईक फर्माईश करी, नागाशी गाई किंवा गिऱ्हाईकाच्या गाण्याला साथ करी, आणि त्याबद्दल पैसे घेई. आपल्याकडील बैठकीत पेटीवाला जसा गाणाऱ्याचा आवाज पाहून पट्टी धरतो, तसेच कौशल्य या वादकांकडे होते. मद्यधुंद गाणारा ओळ चुकला, अंतरा विसरला किंवा लय सोडून पुढे गेला, तरी साथ त्याला गाठून घेई.

दुसरी परंपरा १९५० च्या दशकातील ‘उतागोए किस्सा’ म्हणजे गाण्याच्या कॉफीगृहांची. १९४८ मध्ये सेकी अकिको यांनी मध्यवर्ती गायकवृंद स्थापन केला आणि त्यातून कामगार व विद्यार्थी यांच्यात सामूहिक गायनाची डावी चळवळ फोफावली. टोकियोच्या शिंजुकू भागातील ‘तोमोशिबी’सारख्या ठिकाणी अनोळखी माणसे हातात गीतपुस्तिका घेऊन रशियन लोकगीते एका सुरात गात. समोर अ‍ॅकॉर्डियनवादक आणि गाणे सांगणारा एक संचालक असे. कोणते गाणे केव्हा घ्यायचे, थकलेल्या सभेला पुन्हा कसे उभे करायचे, हे तोच ठरवी. कराओकेच्या इतिहासकारांनी या कॉफीगृहांचा उल्लेख केला आहे. तथापि तेथील संचालकाचा पुढील काळातील सूत्रसंचालकाशी असलेला संबंध फारसा तपासलेला दिसत नाही. नागाशी एकट्या गाणाऱ्याला सांभाळी, उतागोएचा संचालक सबंध खोलीला सांभाळी. पुढे कराओकेच्या सूत्रसंचालकाकडे ही दोन्ही कामे आली.

यंत्राचे आगमन आणि साथीदाराचे निर्गमन

१९६७ मध्ये टोकियोतील उत्पादक नेगिशी शिगेइची यांनी ‘स्पार्को बॉक्स’ नावाचे नाण्यावर चालणारे यंत्र तयार केले. मॅट आल्ट या लेखकाने २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नेगिशी यांची हकिकत नोंदविली आहे. तीनुसार गिऱ्हाइकांना यंत्र आवडले, पण काही बारमालकांनी ते परत नेण्यास सांगितले, कारण नागाशींनी तक्रार केली होती. ही नोंद छोटी असली तरी अत्यंत मोलाची आहे. आपल्या पोटावर पाय येणार हे त्या फिरत्या वादकांनी यंत्राच्या पहिल्या काही वर्षांतच ओळखले होते. त्यांचा अंदाज खरा ठरला. नेगिशी यांचे २०२४ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी निधन झाले. आज नागाशी जपानात स्मरणरंजनाचा विषय म्हणून तुरळक उरले आहेत.

ज्याच्या नावावर हा शोध सर्वाधिक सांगितला जातो, तो इनोउए दाइसुके स्वतःच साथीदार होता, हा या इतिहासातील विलक्षण योग म्हणावा लागेल. कोबे शहरातील बारमध्ये तो गिऱ्हाइकांना साथ करी. त्याला स्वरलेखन वाचता येत नसे. त्यामुळे तो छापील संगीताच्या मागे न जाता गाणाऱ्याच्या मागे जाई, आणि नेमके हेच गिऱ्हाइकांना आवडे. एका कंपनीच्या प्रमुखाने त्याला सहलीला साथीसाठी येण्याची विनंती केली. त्याला जाणे शक्य नव्हते, म्हणून त्याने साथ ध्वनिमुद्रित करून फीत दिली. यातून कल्पना सुचून १९७१ मध्ये मोटारीतील आठ-ट्रॅकचा टेपरेकॉर्डर, ध्वनिवर्धक आणि नाण्याची पेटी यांची जोडणी करून त्याने ‘एट ज्यूक’ नावाची अकरा यंत्रे बनविली आणि कोबेतील बारना भाड्याने दिली. शंभर येनच्या नाण्यात काही मिनिटांची साथ मिळे. फितीवरील गाण्यांच्या पट्ट्या हौशी गळ्याला झेपतील अशा बेताने ठेवलेल्या होत्या. म्हणजे साथीदाराच्या शहाणपणातील जेवढा भाग अगोदर भरून ठेवता येण्याजोगा होता, तेवढा त्याने फितीत भरला. उरलेला भाग भरणे कोणालाच शक्य नव्हते.

इनोउएने या यंत्राचे पेटंट घेतले नाही. २००४ मध्ये त्याला शांततेचे ‘इग नोबेल’ हे विनोदी पारितोषिक देण्यात आले. माणसांना एकमेकांना सहन करण्याची नवी रीत शिकविल्याबद्दल ते होते. फिलिपाइन्समध्ये मात्र रॉबर्टो देल रोझारियो यांनी आपल्या एकत्रित ‘सिंग-अलाँग’ यंत्रणेचे पेटंट १९८० च्या दशकात मिळविले आणि १९९६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. शोधाचे श्रेय कोणाचे, हा वाद येथे सोडून देणे योग्य. त्यातून बारमध्ये काय घडत होते याचा उलगडा होत नाही.

गाणारा कोण? १९८८ चा निकाल

तो उलगडा एका न्यायनिवाड्यातून होतो. जपानमध्ये ‘स्नॅक’ म्हणून ओळखले जाणारे छोटे बार बहुधा एका स्त्रीच्या मालकीचे वा देखरेखीखालचे असतात. गिऱ्हाईक तिला ‘मामा’ म्हणते. यंत्र आल्यावर फीत निवडणे, ध्वनिक्षेपक हाती देणे, बुजणाऱ्यास आग्रह करणे, टाळ्या वाजविणे, प्रसंगी जोडीने गाणे ही सारी कामे मामा आणि तिच्या सहकारी स्त्रिया करू लागल्या. वादकाच्या कामाला निदान स्वतंत्र मोबदला होता. हे नवे काम मात्र आतिथ्यातच धरले गेले.

फुकुओका प्रांतातील ‘क्लब कॅट्स आय’ नामक बारविरुद्ध संगीताचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेने दावा केला होता. बारचा बचाव स्वाभाविक होता : गाणारे गिऱ्हाईक आहे, आम्ही नव्हे; गिऱ्हाईक तर नफ्यासाठी गात नाही. १९८८ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव अमान्य केला. कर्मचारी गिऱ्हाइकास गाण्याचा आग्रह करतात, बारने ठेवलेल्या फितींतूनच त्याला गाणे निवडावे लागते, यंत्र कर्मचारी चालवितात, आणि यातून जमणाऱ्या वातावरणावर बारचा धंदा वाढतो. सबब कायद्याच्या दृष्टीने गाण्याचा कर्ता बारचालकच होय, असा न्यायालयाच्या विवेचनाचा आशय होता. ‘कराओके सिद्धांत’ या नावाने हा विचार पुढे जपानी कायद्यात बराच गाजला आणि त्यावर टीकाही झाली.

विधिज्ञांनी या निकालाची चर्चा स्वामित्वहक्काच्या अंगाने केली आहे. समाजेतिहासाच्या दृष्टीने पाहता त्यात याहून महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. बारमधील स्त्रियांचा आग्रह, त्यांची निवड आणि त्यांचे यंत्र चालविणे ही मोजता येण्याजोगी कृती आहे, हे एका सर्वोच्च न्यायालयाने लेखी मान्य केले. अर्थात त्याचा लाभ हक्कधारकांना झाला. ज्यांच्या श्रमाच्या आधारे मालकावर उत्तरदायित्व लादले गेले, त्यांच्या पदरात काहीच पडले नाही.

बंद खोली आणि उघडा मंच

१९८० च्या दशकाच्या मध्यास ओकायामा परिसरात मालवाहू डब्याच्या खोल्या करून त्यांत कराओके सुरू झाले. या ‘कराओके बॉक्स’मध्ये ओळखीची मंडळी दार लावून गातात, सूत्रसंचालकाची गरजच राहत नाही. विद्यार्थी आणि तरुण स्त्रिया यांना त्यामुळे बारबाहेर गाण्याची जागा मिळाली. पूर्व आशियात पुढे हीच पद्धत रूढ झाली.

अमेरिका आणि ब्रिटनमध्ये मात्र कराओके उघड्या बारमध्येच रुजले. समोर अनोळखी श्रोते, एकच मंच, एकच ध्वनिक्षेपक. अशा स्थितीत संचालकावाचून गोंधळ अटळ असतो. तेथे त्याला ‘केजे’ म्हणजे कराओके जॉकी हे नाव पडले. रॉब ड्रू या अभ्यासकाने अमेरिकी बारमधील या रात्रींचे प्रत्यक्ष निरीक्षण करून २००१ मध्ये ग्रंथ लिहिला. गिऱ्हाईक चिठ्ठीवर नाव आणि गाणे लिहून देते. केजे चिठ्ठ्यांची फेरी लावतो. एका फेरीत एकाला एकच गाणे. गणित साधे पण निष्ठुर आहे. गाणे आणि अदलाबदल मिळून पाच मिनिटे धरली तर तासात बारा गाणी होतात. वीस चिठ्ठ्या पुढे असतील तर नव्याने आलेल्यास पावणेदोन तासांच्या आसपास थांबावे लागते. त्यात कोणी ‘अमेरिकन पाय’सारखे साडेआठ मिनिटांवर जाणारे गाणे निवडले की रांगेचा धीर सुटतो. चिठ्ठीबरोबर पैसे सरकवून क्रम पुढे घेण्याचा प्रयत्न करणारेही असतात. त्यांना नाही म्हणणे हाही संचालकाच्या कामाचा भाग. रात्रीच्या आरंभी कोणीच उठत नाही, तेव्हा पहिले गाणे तो स्वतः म्हणतो. ते फार उत्तम म्हणू नये, हे त्यातले मर्म : संचालक पट्टीचा गायक निघाला तर बुजरा माणूस अधिकच बुजतो. उत्तम गायकानंतर लगेच नवख्याला उभे करायचे नाही, हेही अनुभवी संचालक पाळतो. साथीदाराचे जुने सांभाळून घेणे येथे वेगळ्या रूपात दिसते. सूर वा ताल सावरणे त्याच्या हाती नाही. प्रसंग सावरणे आहे.

विषयबद्ध रात्रींचा उदय याच गरजेतून समजून घ्यावा लागतो. कराओके हा बहुतेक बारमध्ये आठवड्याच्या मधल्या ओस दिवसांचा उपाय. परंतु तेच नेहमीचे गाणारे आणि त्यांची तीच ठेवणीतली गाणी यांनी काही महिन्यांत रात्र शिळी होते. एका दशकाची गाणी, एकाच गायकाची गाणी, केवळ चित्रपटगीते, केवळ युगुलगीते किंवा सणानिमित्त वेषांतर असा विषय लावला की मुरलेल्या गायकाला आपले हुकमी गाणे सोडावे लागते आणि त्याची नवख्यावरील आघाडी काहीशी कमी होते. नवख्याला तर सबब मिळते. ‘मला गायचे आहे’ असे म्हणण्यापेक्षा ‘आज विषयच हा आहे’ असे म्हणणे सोपे जाते. मात्र त्यासाठी संचालकाला अगोदर यादी करणे, प्रत्येक गाण्याची साथ आणि पडद्यावरील शब्द तपासणे, विषय फार अरुंद तर झाला नाही ना हे पाहणे आवश्यक असते. विषयाबाहेरची चिठ्ठी आली तर ती परत करण्यात शहाणपण नाही. दोन फेऱ्यांनंतर ती गुपचूप आत घेतली जाते.

महाराष्ट्रातील संदर्भ

ही कल्पना मराठी श्रोत्याला परकी वाटण्याचे कारण नाही. ‘रफी नाइट’, ‘मुकेश नाइट’ अशा एकेका गायकाला वाहिलेल्या वाद्यवृंदांच्या कार्यक्रमांत निवेदकाने विषय गुंफत नेण्याची रीत येथे जुनी आहे. १९९३ पासून दूरचित्रवाणीवर गाजलेल्या अंताक्षरीनेही सामान्य माणसाच्या गाण्याला सूत्रसंचालक किती रंग आणतो, हे घरोघरी दाखविले. मुंबईतील बारचा इतिहास मात्र वेगळ्या वाटेने गेला. २००५ मध्ये राज्य शासनाने डान्स बारवर बंदी घातली. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. २०१६ च्या नव्या कायद्यातील अनेक अटी २०१९ मध्ये शिथिल वा रद्द झाल्या. २०२२ मध्ये ऑर्केस्ट्रा बारमधील कलाकारांत स्त्रिया किती आणि पुरुष किती ही घातलेली मर्यादाही सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरविली. एकूण आठ कलाकारांची मर्यादा राहिली, तिच्यातील प्रमाणाचे बंधन गेले. या साऱ्या वादात कलाकार मंचावर आणि गिऱ्हाईक टेबलाशी, ही विभागणी गृहीत आहे. जपानी न्यायालयासमोर आलेला प्रश्न, म्हणजे गिऱ्हाईकच गाऊ लागले तर कलाकार कोणाला म्हणायचे, हा येथे या खटल्यांचा विषय नव्हता.

महाराष्ट्रात कराओके सर्वाधिक फोफावले ते बारबाहेर. पुणे, ठाणे, नागपूरसारख्या शहरांत निवृत्त मंडळींचे कराओके गट लहान सभागृहे घेऊन जुनी हिंदी-मराठी गीते गातात. ‘ट्रॅक’ आणि ‘मायनस वन’ हे शब्द त्यांच्या बोलण्यात रुळले आहेत. त्यांच्याही सभा बहुधा विषयबद्ध असतात : एक संगीतकार, एक दशक, पावसाची गाणी. बारमध्ये गाणे फुकट आणि पेयाचे पैसे. येथे चहा फुकट आणि गाण्याची वर्गणी. संगणकाजवळ बसून ट्रॅक लावणारा, एखाद्या आजींना पट्टी चढी वाटते आहे हे ओळखून ती अर्ध्या स्वराने उतरविणारा आणि ‘पुन्हा पहिल्यापासून घेऊ या’ म्हणणारा माणूस मात्र दोन्हीकडे एकच काम करतो. कार्यक्रमपत्रिकेवर गायकांची नावे छापलेली असतात. त्याचे नाव असलेच तर शेवटी, ध्वनिव्यवस्थेच्या ओळीत.