उभ्या गाडीतली गळती

पूर्वी रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी सकाळी उतरलेली सापडली, की गाडीत खोट आहे हे ठरलेलं असायचं. आज बंद करून ठेवलेली प्रत्येक गाडी बॅटरी थोडी थोडी खातेच, कारखान्यातून ती तशीच बाहेर पडते. मावळातल्या वराळ्यात मी ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. गिऱ्हाईक विचारतं, "करंट लीक आहे का?" लीक असतोच. किती आहे आणि त्यातला गाडीचा हक्काचा किती, हे आता आम्हाला सांगावं लागतं. इथल्या वायरमनच्या दोन पिढ्यांत आमच्या धंद्यात झालेला हा सगळ्यात मोठा बदल आहे.

माझे उस्ताद जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर काम शिकले, डायनामोच्या काळात. फियाट, ॲम्बॅसिडर, घाट चढून आलेले ट्रक हे त्यांचं गिऱ्हाईक. डायनामो आणि बॅटरीच्या मध्ये कटआऊट नावाची एक लहानशी डबी असायची. इंजिनाने वेग घेतला की तिचे पॉइंट जुळायचे आणि चार्जिंग सुरू व्हायचं, इंजिन मंदावलं की पॉइंट सुटायचे. पॉइंट जळून एकमेकांना चिकटले तर इंजिन बंद झाल्यावर बॅटरीच उलट डायनामोला फिरवायला बघायची. पट्टा त्याला फिरू द्यायचा नाही, मग आर्मेचर तापायचं आणि काही तासांत बॅटरी संपायची. त्या काळची गळती अशी उघड असायची. डॅशबोर्डावरच्या अँपिअर मीटरचा काटा वजाकडे पडलेला दिसायचा, डायनामोला हात लावला तर चटका बसायचा. उस्ताद स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने कटआऊटवर टकटक करायचे, पॉइंट सुटले की कानस नाहीतर पॉलिश पेपर मारायचे आणि गाडी मोकळी करायचे.

बॅटऱ्याही वेगळ्या होत्या. काळ्या कडक रबराचं खोकं, वर डांबर ओतलेलं, आणि सेल जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या उघड्यावर. एक सेल मेला तर तेवढाच उघडून प्लेटा बदलता यायच्या. चिंचवडला 1969 मध्ये आज एक्साईड नावाने ओळखला जाणारा बॅटरीचा कारखाना सुरू झाला, तरी खेड्यापाड्यात जुनी बॅटरी बांधून घ्यायची रीत बराच काळ टिकून होती. डांबरावर ॲसिड आणि धूळ साचली की ओल्या हवेत त्या मळातूनच करंट एका टोकाकडून दुसऱ्याकडे झिरपायचा. लोणावळ्याच्या पावसात हे हमखास व्हायचं. खायच्या सोड्याचं पाणी टाकून वरचा भाग धुणं हाच त्यावर इलाज, आणि तो अजून चालतो. नवी बॅटरी घ्यायच्या आधी जुनी धुऊन बघा, असं मी आजही प्रत्येकाला सांगतो.

क्रायस्लरने 1960 मध्ये अमेरिकेत गाड्यांना अल्टरनेटर बसवला, आपल्याकडे तो हळूहळू रुळला. कटआऊट गेला, त्याच्या जागी डायोड आले. डायोड करंट एकाच दिशेने जाऊ देतो, पण तो फुटला की उलटी वाट मोकळी होते. इथे पारख हाताने करायची. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं बॉनेट सकाळी उघडायचं, इंजिनाला हात लावायचा, मग अल्टरनेटरला. इंजिन थंडगार आणि अल्टरनेटर कोमट लागला तर पुढे शोधायची गरजच नाही.

बाकीची गळती शोधायला तेव्हा टेस्ट लॅम्प पुरायचा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, वायर आणि टर्मिनलच्या मध्ये बल्ब धरायचा. पेटला तर लीक आहे. मग एकेक फ्यूज उपटायचा. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, त्या लाइनमध्ये चोर. बहुतेकदा डिकीचा नाहीतर डॅशबोर्डातल्या कप्प्याचा दिवा निघायचा. पाच वॅटचा तो दिवा दिवसाला सुमारे 10 अँपिअर-अवर खातो, म्हणजे 35 ची लहान बॅटरी चौथ्या दिवशी संपली.

ही पद्धत मोडली ती गाडीत कंप्युटर आल्यावर. 2000 च्या आसपास कारब्युरेटर गेले, कंप्युटरवर चालणारं एमपीएफआय आलं. त्यानंतर तळेगावात जनरल मोटर्सचा कारखाना 2008 मध्ये सुरू झाला, 2009 मध्ये चाकणला फोक्सवॅगन आली. आमच्या पंचक्रोशीतली पोरं पगारदार झाली आणि भाताच्या खाचरांशेजारी हप्त्यांवरच्या गाड्या उभ्या राहिल्या. या गाड्या बंद केल्यावर लगेच झोपत नाहीत. अर्धा-पाऊण तास आतले कंप्युटर जागे असतात. घाईने मीटर लावला तर अँपिअरमध्ये आकडा दिसतो आणि माणूस उगाच हादरतो. फ्यूज उपटून परत लावला की झोपलेला कंप्युटर पुन्हा उठतो, आणि सगळी वाट पहिल्यापासून बघायची.

म्हणून आता मी दाराची कडी स्क्रूड्रायव्हरने फिरवून बंद करतो, म्हणजे दार उघडं असूनही गाडीला ते लागलेलं वाटतं. चावी लांब दुकानात ठेवतो आणि थांबतो. आकडा 50 मिलीअँपिअरच्या आत स्थिरावला तर गाडी निरोगी. त्यापेक्षा जास्त राहिला तर फ्यूज न काढता त्याच्या पाठीवरच्या दोन उघड्या टोकांना मीटरच्या सुया लावतो. ज्या फ्यूजवर मिलिव्होल्टचा अंश दिसेल, त्यातून करंट वाहतोय. उपटण्यापेक्षा टेकवणं, एवढाच फरक, पण तो शिकायला आमच्या धंद्याला बरीच वर्षं लागली.

मार्च 2020 च्या लॉकडाऊनने हा हिशेब घरोघर पोचवला. 50 मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला 1.2 अँपिअर-अवर, महिनाभर उभी राहिलेली लहान गाडी तेवढ्यानेच बसते. त्या उन्हाळ्यात लोक नवीकोरी बॅटरी खराब निघाली म्हणून भांडत होते, आणि गाड्यांत एकही खोट नव्हती. तळेगाव-लोणावळ्याच्या सुट्टीच्या बंगल्यांतल्या गाड्यांचं तर आजही हेच होतं.

मी बिलावर दोन आकडे लिहून देतो: झोपलेल्या गाडीचा मिलीअँपिअर आणि बॅटरीचा व्होल्ट. वर्षभराने तीच गाडी परत आली, आणि मध्ये कुणी कॅमेरा, ट्रॅकर किंवा नवी म्युझिक सिस्टीम बसवली असेल, तर आधी तो जुना आकडा काढतो आणि दोन्हींतला फरक मोजतो. शोध तिथून सुरू होतो.