मारियामातेच्या वस्त्राचा रंग

मारियामातेचे वस्त्र कोणत्या रंगाचे, असे आपल्या धर्मग्रामातील कोणत्याही बालकास विचारले, तर 'निळे' हेच उत्तर येईल. आम्हीही तेच दिले असते. या निळाईमागे श्रद्धेइतकाच व्यापारही आहे, हे आमच्या फार उशिरा ध्यानी आले. मध्ययुगीन युरोपात उत्तम निळा रंग लाजवर्द या खड्यापासून करीत. तो खडा अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येई आणि त्याचा रंग अतिशय महाग पडे. जे मोलाचे ते मातेला, या भावनेने चित्रकार तो तिच्या झग्याला देत. म्हणजे युरोपची म्हणून आपण जपलेली ही निळाई मुळात आशियातल्या डोंगरातली!

आंजेलो द फोन्सेका यांनी मारियेचा रंग दुसरीकडे शोधला. १९०२ साली गोव्यातील सांत इस्तेव्ह बेटावर त्यांचा जन्म झाला. वैद्यकीचे शिक्षण सोडून ते चित्रकलेकडे वळले. मुंबईच्या कलाशाळेतील पाश्चात्य वळणाच्या शिक्षणाने त्यांचे समाधान होईना, म्हणून त्यांनी बंगाल गाठला आणि अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांचे शिष्यत्व पत्करले.

तेथील जलरंगाची रीत मोठी संयमाची. १९०३ साली कलकत्त्यास आलेल्या जपानी चित्रकारांच्या पद्धतीवरून अवनींद्रनाथांनी ती सिद्ध केली होती. पातळ रंगाचा थर द्यायचा, तो वाळू द्यायचा, मग अख्खा कागदच पाण्यात बुडवायचा. कागदाने जो रंग आत घेतला तो राहतो. वरवरचा वाहून जातो. मग पुन्हा थर, पुन्हा पाणी. असा रंग झगझगत नाही, पण कागदाच्या आतून उजळल्यासारखा दिसतो. प्रार्थनेच्या चित्राला याहून योग्य रीत आम्हास सुचत नाही.

फोन्सेकांची मारिया सावळी आहे, साडी नेसलेली आहे. ही मारिया गोव्यातील अनेक भाविकांना रुचली नाही. टीका झाली, आणि १९३०च्या दशकात चित्रकाराने पुण्याची वाट धरली. जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली स्थापिलेल्या ख्रिस्त सेवा संघाच्या आश्रमाने त्यांना आसरा दिला. संघ अँग्लिकन, चित्रकार कॅथलिक! हा तपशील आम्हास आजही थोडा बोचतो. घरच्यांनी दार लोटले, शेजाऱ्यांनी उघडले. पुढे त्यांच्या पत्नी आयव्ही याच अनेक चित्रांतील मारियेची प्रेरणा ठरल्या.

१९६३ साली द्वितीय व्हॅटिकन परिषदेने उपासनाविषयक दस्तऐवजात स्पष्ट केले की, ख्रिस्तसभेने कोणतीही एकच कलाशैली आपली म्हणून स्वीकारलेली नाही. त्यानंतर चार वर्षांनी, १९६७ साली, फोन्सेका निवर्तले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पुढे पर्वरी येथील झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चकडे आला.

आमच्या वसईतील घरी वेदीवर निळ्या झग्यातील मारिया होती आणि तिच्यापुढे लाल लुगडे नेसलेल्या बायका गुडघे टेकीत. त्यांतल्याच एका वृद्धेस आम्ही एकदा फोन्सेकांच्या चित्राची प्रत दाखविली. ही कोण, हे तिला प्रथम उमगेना. मांडीवरचे बाळ पाहून तिने कपाळी क्रूसाची खूण केली, चित्र दिव्याजवळ नेले, बराच वेळ न्याहाळले आणि मग तक्रारीच्या सुरात म्हणाली की, ही नेसण काही आपल्याकडची नव्हे.