हक्क, उपकार आणि कष्ट: सोलापूरच्या ख्रिस्ती घरांतील बालसंगोपन

सोलापुरातील भवानी पेठेसारख्या विणकरांच्या जुन्या वस्त्यांत मूल लहानपणीच मागाशेजारी बसून कांड्या भरू लागे, म्हणजे धोट्यात बसवायच्या नळीवर आडवे सूत गुंडाळू लागे, आणि घराला हातभार लावताना त्याचे शिक्षण मात्र अनेकदा मागे पडे. याच शहरात 1860 च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले, तेव्हा ख्रिस्ती कुटुंबांपुढे याच्या अगदी उलट पेच उभा राहिला. शाळा, वसतिगृह आणि पुढे नोकरीही मिशनकडूनच मिळत गेल्यास मुलांना तो आपला हक्क वाटू लागेल, ही ती धास्ती होती. ती निराधार नव्हती, आणि असे परावलंबन मिशनलाही नको होते. मिशनच्या बोस्टन येथील मातृसंस्थेचे चिटणीस रूफस अँडरसन यांनी 1854-55 च्या हिंदुस्थान दौऱ्यानंतर स्वावलंबी मंडळीचा, म्हणजे आपल्या पाळकाचा खर्च स्वतःच्या वर्गणीतून भागवणाऱ्या ख्रिस्ती समाजाचा, आग्रह धरला होता. दशमांश, अर्थात उत्पन्नाचा दहावा भाग देवकार्याला देण्याची शिकवण, या विचाराला पूरक ठरली, आणि रविवारच्या शब्बाथशाळेत वचनांच्या पाठांतराबरोबर दानाचा संस्कारही मुलांवर होऊ लागला.

या शिकवणीची खरी कसोटी दुष्काळात लागली. 1876-78 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी सोलापूर जिल्हा होरपळून निघाला, अनाथ मुलांचा भार मिशनांवर पडला, आणि केवळ दयेवर वाढलेले मूल मिंधे होते की हक्क गाजवू लागते, हा प्रश्न ऐरणीवर आला. सोलापूरबाहेर, पुणे जिल्ह्यातील केडगावी निराधार मुली-स्त्रियांसाठी चालवलेल्या मुक्ती सदनात पंडिता रमाबाईंनी या प्रश्नाला दिलेले उत्तर सर्वांत सखोल म्हणावे लागेल, कारण तेथे शेती, विणकाम, तेलघाणा आणि छापखाना ही कामे तेथील मुली-स्त्रियाच करीत, शिवाय त्यांना अक्षरओळखही होई; खिळे जुळवणाऱ्या, म्हणजे शिशाची अक्षरे ओळीने मांडणाऱ्या मुलीला तर वाचनावाचून आपले कामच करता येत नसे. रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा हिलाही आईच्या नावावर आराम मिळाला नाही. 1921 मध्ये मृत्यू येईपर्यंत ती याच कामात आईचा उजवा हात होती.

भवानी पेठेतील मुलाचे कष्ट आणि मुक्तीतील मुलीचे कष्ट यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. जबाबदारी दोघांवरही होती, परंतु कामाबरोबर पुस्तकही हाती आले ते मुक्तीतील मुलीच्या. रमाबाईंनी केलेले संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यात छापले गेले, आणि त्याचे खिळे तेथील मुलींनी जुळवले होते.