निमशुष्क हवामान

निमशुष्क : हवामानाचे पट्टे पूर्वी केवळ अक्षवृत्तांवरून आखले जात, कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांमधला तो उष्ण कटिबंध. व्लादिमिर कोपेन या हवामानशास्त्रज्ञाने, जो वनस्पतींचाही अभ्यासक होता, सीमा ठरवताना वनस्पतींना साक्षीला घेतले, आणि हेच त्याच्या 1900 सालच्या वर्गीकरणाचे खरे मोल. सर्वांत थंड महिन्याची सरासरी 18 अंश सेल्सिअस वा अधिक असेल तर प्रदेश उष्ण; सर्वांत उबदार महिनाही 10 अंशांखाली राहत असेल तर ध्रुवीय, कारण तिथे सहसा झाडे वाढत नाहीत. शुष्कता मात्र नुसत्या पावसाच्या आकड्यावर ठरत नाही. उष्ण प्रदेशात बाष्पीभवन जास्त, म्हणून ज्या पावसाखाली प्रदेश शुष्क ठरतो ती मर्यादाही तिथे वर चढते. पाऊस मुख्यतः उन्हाळी सहामाहीत (आपल्याकडे एप्रिल ते सप्टेंबर) पडत असल्यास वार्षिक सरासरी तापमानाची वीसपट करून त्यात 280 मिळवतात. सोलापूरचे तापमान सुमारे 27 अंश धरल्यास मर्यादा 820 मिलिमीटर येते. तिथला पाऊस त्याहून कमी, पण तिच्या निम्म्याहून बराच जास्त. म्हणून सोलापूर निमशुष्क. निम्म्याहून कमी असता तर ते वाळवंटात मोडले असते. या सीमा नकाशावर रेघांसारख्या दिसल्या तरी जमिनीवर हवामान हळूहळू पालटते. सह्याद्रीचा पूर्व उतार हा ठळक अपवाद : महाबळेश्वरचा मुसळधार पाऊस वाईपर्यंत पोचता पोचता कितीतरी पटींनी घटतो.