कुड्याची साल

रामगिरीवरील यक्षाने आषाढमेघाला अर्घ्य दिले ते कुटजाच्या ताज्या फुलांनी. तो रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले. सरगुजातील रामगड हाच तो, असाही एक पक्ष आहे. भिलाईच्या सेक्टर ६ मधील आम्हां मराठी बिऱ्हाडकरूंना या वादाची गंमत वाटते, कारण आमचे गाव दोहोंच्या वाटेवर पडते. कुटज म्हणजे आपला कुडा. येथे मात्र फुले सोडून त्याच्या सालीकडे वळावयाचे आहे.

अतिसारावर कुड्याची साल हे आयुर्वेदाचे जुने औषध. चरकसंहितेच्या कल्पस्थानात या झाडाचे पुरुष व स्त्री असे दोन भेद लक्षणांसह दिले आहेत. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात आमांशावरील जी मलबारी वनस्पती वर्णिली, ती कुडाच होय, असे अभ्यासक मानतात. पुढे ही साल 'कोनेसी' नावाने युरोपात गेली आणि बदनाम झाली. कारण पांढऱ्या कुड्याच्या सालीत काळ्या कुड्याची साल मिसळली जाई. एका नावाचे दोन असामी असले की कागद कोणाच्या हाती पडतो, हे आम्हां कारकुनांना कोणी सांगावयास नको! बी चाखले की कडू इंद्रजव कोणते व गोड कोणते हे आपल्याकडे कळे. लंडनच्या वखारीत ती परीक्षा कोण करणार? १८५८ साली मुंबईत हेन्स यांनी सालीतून कोनेसीन हे द्रव्य वेगळे काढले.

परंतु आमांश हा एकच रोग नव्हे. एक अमीबाने होतो. दुसरा, जपानात शिगा यांनी १८९७ साली शोधलेल्या जंतूंनी. कोनेसीनची ख्याती मुख्यतः अमीबावरची. औषधांना दाद न देण्याची शक्ती एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो, हे १९५९ साली जपानातच शिगेला जंतूंवरून उमगले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ व २०२४ च्या याद्यांत असा हट्टी शिगेला आहे. २०१७ सालीच थायलंडमधील संशोधकांना आढळले की, स्यूडोमोनास नावाचा जंतू औषध बाहेर फेकतो ती यंत्रणा कोनेसीन रोखते. प्रयोग परीक्षानळीतला, जंतूही आमांशाचा नव्हे. तेव्हा रक्ताची आव पडणाऱ्या मुलाला केवळ कुड्यावर घरी ठेवणे, माझ्या मते, जिवाशी खेळ आहे.

शिवाय काळ्या कुड्याची भेसळ आजही आढळते. झाडावर भेद सोपा: पांढऱ्याच्या जोडशेंगा सुट्या लोंबतात, काळ्याच्या कोवळ्या शेंगांची टोके एकमेकींना चिकटलेली असतात. बाजारात हाती येते ती भुकटी.