अंतर्गत भिंतींचे औष्णिक प्रतिमान

इमारतीतील खोल्या एकमेकींपासून विभागणाऱ्या भिंतींचा उष्णतेच्या साठवणीवर व वहनावर होणारा परिणाम गणिताने, विशेषतः संगणकाच्या साहाय्याने, मांडण्याची पद्धती. बाहेरच्या भिंतीवर ऊन पडते. आतील भिंतीच्या दोन्ही बाजूंस घरातीलच हवा असते. त्यामुळे तिचे कार्य उष्णता अडविण्यापेक्षा ती शोषून घेऊन पुढे परत करण्याचे असते.

पार्श्वभूमी : मे महिन्यात कमाल तापमान ४०° से.च्या वर जाणाऱ्या वऱ्हाडात जाड मातीच्या भिंती, कवेलूंचे छप्पर आणि मधे मातीची किंवा शेणमातीने लिंपलेल्या कुडाची भिंत अशी घरे पूर्वापार बांधली जात. यवतमाळ जिल्ह्यातील कळंब येथील चिंतामणी गणेशाचे मंदिर भूपृष्ठाच्या पातळीखाली असून तेथे पायऱ्या उतरून जावे लागते. जमिनीत काही मीटर खोलीवर तापमान वर्षभरात फार थोडे बदलते. जाड भिंत दिवसाच्या चढउतारांस आणि जमीन वर्षाच्या चढउतारांस ज्या नियमाने शमविते, तो नियम एकच होय.

इतिहास : हा नियम फ्रेंच गणितज्ञ फूर्ये यांनी १८२२ मधील आपल्या ग्रंथात मांडला. तथापि अनेक थरांच्या भिंतींची ताशी गणिते हाताने करणे व्यवहारात अशक्यप्राय होते. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील स्टीफेन्सन व मिटालास यांनी १९६७ मध्ये प्रतिसाद गुणकांची पद्धत मांडली आणि संगणकीय गणन सुकर झाले. अमेरिकेत डीओई-२ व ब्लास्ट हे कार्यक्रम १९७० नंतरच्या दशकात पुढे आले. त्यांच्या आधारे तयार झालेला एनर्जीप्लस २००१ मध्ये उपलब्ध झाला. भारतात रूडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेत (स्थापना १९४७) भिंतींच्या औष्णिक गुणधर्मांचा अभ्यास झाला. भारतीय मानक संस्थेची या विषयावरील मार्गदर्शक पुस्तिका १९८७ मध्ये, तर ऊर्जा संधारण इमारत संहिता २००७ मध्ये प्रसिद्ध झाली.

पद्धती : भिंतीच्या दोन बाजूंच्या खोल्यांचे तापमान भिन्न असल्यास ती दोन्ही खोल्यांत नोंदवितात व थरांचा क्रम दुसऱ्या खोलीसाठी उलट लिहितात. तापमान समान असल्यास मध्यप्रतलातून उष्णता ओलांडत नाही असे मानतात. एकाच औष्णिक विभागातील भिंत केवळ साठवणीचे वस्तुमान म्हणून धरतात. अशा वेळी दोन्ही पृष्ठांचे क्षेत्रफळ मोजले नाही, तर साठवण निम्मीच भरते.

मातीच्या विटांची घनता १,७३१ किग्रॅ./घ. मी., विशिष्ट उष्णता ०·८८ किजू./किग्रॅ. °से. व संवाहकता ०·७५ वॉट/मी. °से. धरल्यास दैनंदिन उष्णतालहरीचा परमप्रसर सु. १२ सेंमी. खोलीवर सु. ३७% उरतो. म्हणजे ४५ सेंमी. जाड अंतर्गत भिंतीत रोजची साठवण मुख्यतः दोन्ही पृष्ठांलगतच्या थरांतच होते. गाभ्याचा वाटा अल्प असतो. प्रत्येक बाजूचा असा १२ सेंमी. थर दर चौ. मी.ला १° से. तापण्यास सु. १८० किजू. उष्णता घेतो. पातळ जिप्सम फलकांच्या पोकळ भिंतीची क्षमता याच्या एक-दशांशाहूनही कमी भरते.

महत्त्व : अंतर्गत भिंती गणनेतून वगळल्यास दुपारचे कमाल तापमान प्रत्यक्षाहून अधिक येते आणि शीतन यंत्रणा गरजेपेक्षा मोठी निवडली जाते. याउलट साठलेली उष्णता रात्री वायुवीजनाने बाहेर गेली नाही, तर जाड भिंतींचे घर पहाटेपर्यंत तापलेले राहते. उन्हाळ्यात अंगणात निजण्याच्या विदर्भातील रीतीचे हे एक कारण होय. म्हणून नव्या घरात भिंती पातळ करताना केवळ वाचलेली जागा न पाहता, यंत्राविना राहणाऱ्या कुटुंबास उष्णतेच्या लाटेत मिळणाऱ्या संरक्षणाचाही हिशेब करणे आवश्यक ठरते.